गाळलेला आवाज : एमपी3 आणि त्याच्या भावंडांचा इतिहास

(व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय जरा रुक्ष वाटेल असा आहे, याची मला कल्पना आहे. 'ऑडिओ फाइल एका फॉरमॅटमधून दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलणे' हा काय व्याख्यानाचा विषय झाला? घरातला आठवीतला मुलगाही ते दोन मिनिटांत करून देतो. पण दोन मिनिटांत होणाऱ्या या कामामागे सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे. आणि त्या दोन मिनिटांत आपल्याकडून असं काही हरवू शकतं जे पुन्हा मिळत नाही. माझं हरवलं आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आमच्या गावच्या वाचनालयाकडे 60 कॅसेटी होत्या. दरवर्षीच्या व्याख्यानांच्या, कीर्तनांच्या, एका महिला मेळाव्याच्या. प्रत्येक कॅसेट 90 मिनिटांची, म्हणजे एकूण 90 तासांचा आवाज. त्यातल्या एका कॅसेटवर माझ्या आत्याचं वीस मिनिटांचं भाषण होतं. तिच्या आवाजाची दुसरी कुठलीही नोंद नाही. 2004 च्या सुमारास कॅसेटींना बुरशी लागायला लागली, तेव्हा एका उत्साही कार्यकर्त्याने सगळ्या कॅसेटी संगणकावर घेतल्या आणि एमपी3 करून चार सीडींवर बसवल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. कपाट मोकळं झालं आणि कॅसेटी रद्दीत गेल्या.

पुढे त्यातल्या दोन सीडी वाचता येईनाशा झाल्या. सुदैवाने एकाने काही भाषणं आपल्या मोबाईलवर घेऊन ठेवली होती. त्या काळच्या साध्या फोनवर जागा कमी, म्हणून त्याने ती एएमआर फॉरमॅटमध्ये बदलली होती. मग आणखी कुणीतरी ती फाइल पुन्हा एमपी3 केली, तीही '320' मध्ये, म्हणजे सगळ्यात उत्तम दर्जाची. माझ्याकडे शेवटी जी पोचली ती ही फाइल. आकाराने भलीमोठी. आणि त्यात आत्याचा 'स' आणि 'फ' वेगळा ओळखू येत नाही.

हे का झालं, याचं उत्तर इतिहासात आहे. तिकडे वळू या.

कानाचा हिशेब

आवाज साठवण्याच्या प्रत्येक साधनाने काही ना काही कापलेलंच आहे. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावत होती. तासभर रंगणारा राग तीन मिनिटांत बसवावा लागला. तिथे वेळ कापला गेला. टेलिफोनने दुसरं काही कापलं. टेलिफोनच्या तारेतून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा पाठवायचा, माणसाचं बोलणं समजायला तेवढं पुरतं, असं ठरलं. बारीक आणि खर्जातले दोन्ही टोकांचे आवाज गेले.

हे 'तेवढं पुरतं' कुणी ठरवलं? अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये हार्वी फ्लेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1920 ते 1940 च्या दरम्यान माणसाच्या कानाचा कसून अभ्यास केला. कंपनीला उत्तर हवं होतं की कमीत कमी किती आवाज पाठवला तर ग्राहक तक्रार करणार नाही. जोनाथन स्टर्न या अभ्यासकाने एमपी3 वर एक पुस्तक लिहिलं आहे. त्याचं म्हणणं असं की एमपी3 चं मूळ संगणकात शोधण्याऐवजी टेलिफोन कंपनीच्या या काटकसरीत शोधावं. मला ते पटतं.

या अभ्यासातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली, ती म्हणजे आच्छादन. मोठा आवाज आपल्या आसपासच्या पट्टीतल्या लहान आवाजाला झाकून टाकतो. लग्नात बँड वाजत असताना शेजारच्याच्या बांगड्यांची किणकिण आपल्याला ऐकू येत नाही. ती असते, हवेत असते, पण कानापर्यंत पोचूनही मेंदूच्या खिजगणतीत येत नाही. जर्मनीत एबरहार्ड झ्विकर यांनी हे आच्छादन कुठे किती होतं, याची बारीक मोजमापं केली.

आता सीडीचा हिशेब पाहा. 1982 मध्ये सीडी बाजारात आली. दर सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने, प्रत्येक नमुना 16 बिटांचा, डावा आणि उजवा असे दोन मार्ग. गुणाकार केला की सेकंदाला 14,11,200 बिट होतात. चार मिनिटांचं गाणं सुमारे 42 एमबी. यात बँडही आहे आणि बांगड्याही आहेत, दोन्हींना सारखीच जागा. मग कुणीतरी विचारणारच, की ज्या बांगड्या ऐकूच येत नाहीत त्यांना जागा कशाला द्यायची?

एर्लांगेन आणि एक गाणं

हा प्रश्न ज्यांनी धसास लावला त्यांत जर्मनीतल्या एर्लांगेन विद्यापीठाचे प्राध्यापक डीटर झाइट्सर होते. टेलिफोनच्या तारेतून संगीत पाठवावं, ही त्यांची कल्पना. नवी डिजिटल टेलिफोन सेवा, आयएसडीएन, तेव्हा येऊ घातली होती. तिचा एक मार्ग सेकंदाला 64 हजार बिटांचा, दोन मिळून 128 हजार. झाइट्सर यांनी पेटंटसाठी अर्ज केला, तर तपासनिसाने हे अशक्य आहे म्हणून तो फेटाळला. झाइट्सर यांनी मग कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग या तरुण विद्यार्थ्याला कामाला लावलं. ब्रांडेनबुर्ग यांना हे जमेल असं सुरुवातीला वाटत नव्हतं. पण 1989 मध्ये याच विषयावर त्यांचा प्रबंध पूर्ण झाला. पुढचं काम फ्राउनहोफर संस्था आणि विद्यापीठ यांच्या गटाने मिळून केलं. अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये जेम्स जॉन्स्टन त्याच वाटेवर होते. नंतर ही मंडळी एकत्र आली.

पद्धत थोडक्यात अशी. आवाजाचे छोटे छोटे तुकडे करायचे. एमपी3 मध्ये एका चौकटीत 1152 नमुने असतात, म्हणजे साधारण 26 मिलिसेकंद. प्रत्येक तुकड्यातला आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांत वाटायचा. कुठल्या पट्टीत काय झाकलं जातंय, हे झ्विकरसारख्यांच्या मोजमापांवरून काढायचं. जे झाकलं जातंय ते ओबडधोबड लिहायचं किंवा सोडून द्यायचं, आणि जे ऐकू येतंय ते जपून लिहायचं. शेवटी उरलेले आकडे आणखी दाबून बसवायचे. थोडक्यात, ही चहाची गाळणी आहे. फक्त चोथा कोणता आणि चहा कोणता, हे कानाच्या गणितावर ठरतं.

या गणिताची परीक्षा झाली ती एका साध्या गाण्यावर. सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेचं 'टॉम्स डायनर'. साथीला एकही वाद्य नाही, नुसता गळा. ब्रांडेनबुर्ग यांना वाटलं होतं आपली पद्धत तयार झाली, आणि या गाण्यावर ती साफ आपटली. आवाज खरखरीत, विद्रूप झाला. कारण उघड आहे. नुसत्या गळ्यामागे चूक लपवायला बँडच नाही! मग ते गाणं पुन्हा पुन्हा ऐकत त्यांनी पद्धत सुधारली. दुसरं अवघड प्रकरण म्हणजे कॅस्टनेट्स, हातात धरून वाजवायच्या लाकडी टाळ्या. शांततेतून एकदम टणत्कार झाला की त्याची खरखर आधीच्या क्षणात पसरते, आघाताच्या अगोदरच त्याचा भूत-प्रतिध्वनी ऐकू येतो. कमी दर्जाच्या एमपी3 वर तबल्याचा 'तिरकिट' ऐकून पाहा. बोलांच्या कडा बोथट झालेल्या असतात, त्याचं कारण हेच.

समिती, वर्तमानपत्र आणि पेटंट

1988 मध्ये लिओनार्दो क्यारिल्योने यांच्या पुढाकाराने एमपेग नावाची समिती स्थापन झाली होती. चित्र आणि ध्वनी यांचं जगभर चालेल असं मानक ठरवणं, हे तिचं काम. वेगवेगळ्या देशांतून प्रस्ताव आले आणि शेवटी दोन मोठे गट समोरासमोर उभे राहिले. एकीकडे फिलिप्स आणि फ्रेंच व जर्मन प्रसारण संशोधन संस्था यांचं म्युझिकॅम. ते सोपं, कमी गणित लागणारं. दुसरीकडे ब्रांडेनबुर्ग यांच्या गटाचं अ‍ॅस्पेक. ते अवघड, पण कमी बिटांत सरस. समितीने समित्या करतात तेच केलं, दोघांनाही सामावून घेतलं. तीन थर ठरले. दुसरा थर मुख्यतः म्युझिकॅमचा, तिसऱ्यात अ‍ॅस्पेकचा मोठा वाटा. 1992 मध्ये मसुदा पक्का झाला आणि 1993 मध्ये मानक प्रसिद्ध झालं.

उद्योगाने पसंत केला तो दुसरा थर. डिजिटल रेडिओने तो घेतला, टीव्हीने घेतला. आपल्याकडे गल्लीबोळात व्हीसीडी भाड्याने मिळायच्या, आठवतंय ना? त्यावरचा आवाज दुसऱ्या थराचाच. तिसरा थर मात्र पडून राहिला. त्याला गिऱ्हाईक मिळालं ते इंटरनेटवर. 1994 मध्ये फ्राउनहोफरने संगणकावर चालणारा एन्कोडर विकायला काढला. 14 जुलै 1995 रोजी संस्थेत अंतर्गत मतदान होऊन फाइलच्या नावापुढे 'एमपी3' लावायचं ठरलं. ब्रांडेनबुर्ग यांनी पुढे सांगितलं आहे की कुणा विद्यार्थ्याने चोरलेल्या क्रेडिट कार्डवर हा एन्कोडर विकत घेतला, तो उलगडला आणि इंटरनेटवर फुकट टाकून दिला. बाण सुटला होता.

मग सगळं वेगात झालं. 1997 मध्ये विनअँप आलं, 1999 मध्ये नॅपस्टर. त्या काळच्या 56 केच्या मोडेमवर 42 एमबीचं गाणं उतरवायला दीड तासाहून अधिक लागला असता, तेच 128 च्या एमपी3 ला आठ-दहा मिनिटं. गाळणीशिवाय हे घडलंच नसतं. आपल्याकडे एका सीडीत दीडशे गाणी भरून रस्त्यावर विकली जाऊ लागली. पुढे मोबाईल शॉपीत मेमरी कार्ड भरून मिळू लागलं. ज्या घरात कधी रेकॉर्ड प्लेयर आला नव्हता, त्या घरात भीमसेन जोशी आणि विठ्ठल उमप पोचले. हे श्रेय या गाळणीचंच आहे, ते नाकारता येणार नाही.

आता प्रश्न पडेल, एकच एमपी3 होता तर मग इतके फॉरमॅट कशाला? याची कारणं दोन : पैसा आणि प्रगती. एमपी3 वर पेटंटं होती. 1998 मध्ये फ्राउनहोफरने फुकट एन्कोडर बनवणाऱ्यांना पत्रं पाठवली आणि परवान्याचे पैसे मागितले. त्याला उत्तर म्हणून ख्रिस मॉन्टगोमेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेटंटमुक्त ऑग व्हॉर्बिसवर जोर लावला. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती 2002 मध्ये आली. मायक्रोसॉफ्टने 1999 मध्ये स्वतःचं डब्ल्यूएमए काढलं. एमपी3 करणाऱ्याच काही मंडळींनी, आणखी काहींना घेऊन, त्याहून सरस असं एएसी 1997 मध्ये मानक करून घेतलं. अ‍ॅपलने 2003 मध्ये गाण्यांचं दुकान उघडलं, ते एएसीवर. टेलिफोनवाल्यांचं एएमआर वेगळंच. आणि 2012 मध्ये ओपस आलं, खुलं आणि बोलणं-गाणं दोन्हीला चालणारं. तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाजी निरोप आज त्यातच येतात.

म्हणजे घरोघरी झालं असं, की गाणी एका फॉरमॅटमध्ये आणि वाजवायचं यंत्र दुसऱ्या. यातून 'कन्व्हर्टर' नावाच्या प्रोग्रॅमची गरज निर्माण झाली. 2004 मध्ये अ‍ॅपलच्या आयट्यून्सने विंडोजवरच्या गिऱ्हाइकांना डब्ल्यूएमए गाणी एएसीमध्ये बदलून घेण्याची सोय दिली. बटण दाबलं, काम झालं. दुसऱ्याचं गिऱ्हाईक आपल्याकडे ओढायची ती युक्ती होती. पण बटणाखाली असं कुठे लिहिलं नव्हतं की या बदलात तुमचा आवाज आणखी एकदा गाळला जाणार आहे.

दुसऱ्यांदा गाळताना

इथेच आजच्या विषयाचा गाभा आहे. एमपी3 चं एएसी करताना काय होतं? भाषांतर होतं असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. आधी एमपी3 उघडून पूर्ण लांबीचा आवाज तयार करावा लागतो. त्या आवाजात पहिल्या गाळणीने केलेला ओबडधोबडपणा आहे. मग दुसरा एन्कोडर तो आवाज नव्याने तपासतो. त्याला माहीत नसतं की यातली खरखर ही आधीच्या गाळणीची आहे. तो तिलाही आवाजच समजतो, तिच्यावर बिट खर्च करतो, आणि स्वतःची नवी खरखर वर घालतो. पहिल्याच्या तुकड्यांच्या कडा आणि दुसऱ्याच्या कडा जुळतही नाहीत. पहिल्या वेळी चूक बँडच्या आवाजाखाली बरोबर झाकलेली असते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ती पांघरुणाबाहेर डोकावते. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं आहे हे.

माझ्या आत्याच्या भाषणाचं काय झालं ते आता सांगता येतं. पहिला टप्पा : 64 च्या एमपी3 मध्ये. बोलण्याला हे फार वाईट नाही. नव्वद तासांचा आवाज सीडीच्या दर्जाने ठेवायचा तर सुमारे 57 जीबी लागले असते, म्हणजे त्या काळातल्या एका अख्ख्या हार्ड डिस्कएवढे. चार सीडींत बसवणाऱ्या कार्यकर्त्याला मी दोष देत नाही. दुसरा टप्पा : एएमआर. हे टेलिफोनचं अपत्य. ते सेकंदाला फक्त 8,000 नमुने घेतं, म्हणजे 4,000 हर्ट्झच्या वरचं काहीच त्यात राहू शकत नाही. आणि 'स', 'फ' या वर्णांची ओळख पटवणारा सुस्कारा बहुतांशी त्याच्या वरच असतो. फ्लेचरसाहेबांच्या ग्राहकाला 'सांगली'तला 'स' संदर्भावरून कळत होता. पण माझी आत्या आडनावं आणि गावांची नावं घेत होती, तिथे संदर्भ कुठून आणायचा? तिसरा टप्पा : 320 चा एमपी3. त्याने चार हजारांवरचं काही परत आणलं नाही. आणणार कुठून? रिकामा डबा मोठ्या डब्यात ठेवला, इतकंच.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सगळेच फॉरमॅट गाळत नाहीत. 2001 मध्ये जॉश कोल्सन यांनी फ्लॅक हा फॉरमॅट पूर्ण केला. तो आवाज दाबतो, पण काहीही टाकत नाही. उघडला की बिट न बिट तोच. आकार मूळच्या साधारण निम्मा होतो. वेव्हचं फ्लॅक, फ्लॅकचं वेव्ह शंभर वेळा करा, काही बिघडत नाही. फ्लॅकवरून हवा तितक्या वेळा एमपी3 काढा, प्रत्येक एमपी3 पहिल्याच गाळणीचा असेल. दप्तरात मूळ कागद आहे आणि मागेल त्याला त्याची झेरॉक्स दिली, असं झालं.

जगभरच्या ध्वनिसंग्रहालयांची संघटना, आयएएसए, हेच सांगते : जुन्या आवाजाचं संगणकीकरण करताना न दाबलेल्या स्वरूपात, किमान 48,000 नमुने आणि 24 बिट ठेवा. लोकांना ऐकायला द्यायची प्रत वेगळी काढा. साठा वेगळा, वाटप वेगळं.

2017 मध्ये फ्राउनहोफरने एमपी3 चे परवाने देणं बंद केलं, तेव्हा 'एमपी3 मेला' असे मथळे झळकले. प्रत्यक्षात पेटंटांची मुदत संपली होती आणि एमपी3 सगळ्यांचा झाला होता. ज्याच्याशी भांडून इतके फॉरमॅट जन्माला आले ते भांडणच मिटलं. आज जागाही स्वस्त आहे. वाचनालयाच्या त्या 57 जीबीला आता नखाएवढं कार्ड पुरतं.

म्हणून जाता जाता एक विनंती, विशेषतः या संयोजकांना. आजच्या या भाषणाचं ध्वनिमुद्रण होतंय. ते व्हॉट्सअ‍ॅपवर जरूर फिरवा. पण मशीनमधून निघालेली पहिली फाइल कुठेतरी तशीच ठेवा, दोन जागी ठेवा. आणि घरात जुन्या कॅसेटी असतील तर कॉपी झाल्यावर त्या टाकू नका. उद्या आणखी चांगलं यंत्र येईल, पण ते वाचणार काय, तर ती फीतच.

श्रोत्यांमधून एक प्रश्न : आमच्याकडे फक्त एमपी3 च आहेत, मूळ काही नाही. त्याचं फ्लॅक करून ठेवावं का?

उत्तर : फायदा नाही, काका. आकार वाढेल, आवाज तोच राहील. तोच एमपी3 आता तुमचा मूळ कागद समजा. त्याला पुन्हा दाबू नका, त्याच्या दोन-तीन प्रती ठेवा. आवाजातली खरखर काढायची असेल किंवा काटछाट करायची असेल तर प्रतीवर करा, मूळ फाइलला हात लावू नका. आणि त्यात कोण बोलतंय, कुठल्या साली, हे एका कागदावर लिहून ठेवा. आमच्या आत्याच्या फाइलचं नाव 'ट्रॅक 07' होतं. ती आत्याच आहे हे ओळखणारे आता आम्ही दोघेच उरलो आहोत.